पुलांचे उतरते आकडे

घड्याळजीचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि पंडिताने अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र अवघं चार ओळींचं. 'मुलीच्या घरी तू अवघडून राहतोस, इथे मी एकटा भिंतींशी बोलतो. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. राहायला ये. हो की नाही, एका ओळीत कळव.'

ती एक ओळ काही जमेना. पंडित हे, 'घड्याळजी'सारखंच, मित्रांनी ठेवलेलं नाव. एरवी तो छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासत बसलेला साधा माणूस. 'हो' लिहिलं की वाटे, लेक म्हणेल, बाबा रुसून गेले. 'नाही' लिहिलं की वाटे, घड्याळजी काय म्हणेल? नऊ मसुदे झाले, नऊही लाल शाईने रक्तबंबाळ. शेवटी उत्तर न देणंच त्यातल्या त्यात बिनचूक, असं मानून त्याने मूग गिळले.

आणि आता तोच घड्याळजी त्याच होडीत, त्याच्या पाठीमागे बसून वल्हं मारत होता.

बेत दातांच्या डॉक्टरांचा. शनिवार-रविवार कालव्यातून वल्हवत जायचं, मध्ये तंबूत मुक्काम. डॉक्टर आणि वहिनी तंबू-भांडी घेऊन एका होडीत, हे दोघे दुसरीत.

"भावजी, तुम्ही पुढे बसा," वहिनी म्हणाल्या. "दिशा मागचा देतो. तुमच्यावर सोपवलं तर आपण बुधवारी पोचू."

पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही, हा त्या होडीचा मोठाच दोष. सकाळभर पाठीमागून फक्त "जरा डावीकडे", "थांब, झाडं आली" एवढंच ऐकू येत होतं. पत्राबद्दल चकार शब्द नाही. विसरला असेल? की रागावलाय? आवाज तर नेहमीसारखाच होता. पण रागावल्यावरही घड्याळजीचा आवाज नेहमीसारखाच असे. पंडिताला काही उमगेना.

एक्केचाळीस नंबरच्या पुलाजवळ होडी काठावर ओढून त्यांनी डबे खाल्ले. डॉक्टरांची होडी केव्हाच पुढे गेली होती. घड्याळजीने तोंडावर टोपी ठेवून एक डुलकी काढली, मग डोळे चोळत होडी पाण्यात लोटली आणि ते निघाले. कालव्याचं पाणी उभंच. दोन्ही बाजूंना तीच उंच झाडं, तीच पायवाट.

पहिला पूल आला. कमानीवर आकडा होता चाळीस.

पंडिताने आकडा पुन्हा वाचला. सकाळी आकडे चढत गेले होते ना? की उतरत? पुढचा पूल एकोणचाळीस. मग अडतीस. पाट्या लावणाऱ्याने घोळ केला असेल. किंवा इथून उलटी मोजणी सुरू होत असेल. मागे बसलेला माणूस पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करत आलेला, त्याला का कळत नसेल? आपलंच काहीतरी चुकतंय. असं म्हणत म्हणत तो मुकाट्याने अकरा पूल वल्हवत राहिला.

उन्हं कलली तेव्हा घड्याळजीचा फोन वाजला. डॉक्टर होते. "अरे, शेहेचाळीसपाशी चहा गार झाला तुमचा! कितव्या पुलाशी आहात?"

घड्याळजीने मान वर केली. "तीस," तो म्हणाला. मग वल्हं थांबलं.

"पंडित, तू आकडे वाचत नव्हतास?"

"वाचत होतो."

"सगळे?"

"सगळे."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"वाटलं, पाटी चुकली असेल. नाहीतर मी."

पंडित मान वळवायला गेला तशी होडी डुलली.

"हलू नकोस," घड्याळजी म्हणाला. "माझ्या पत्राचंही असंच झालं काय रे?"

"नऊ वेळा लिहिलं."

"आणि मी समजलो, तुला यायचं नाही. एक भाडेकरू खोल्या बघून गेलाय. बुधवारी त्याला शब्द द्यायचाय."

"मी आत्ताच सांगतो. म्हणजे... लेकीला आधी..."

"तोंडी नको. तोंडी सांगितलेलं तू उद्या दुरुस्त करशील. लिही आणि टाक पेटीत. आता होडी वळवू, सोळा पूल आहेत."

तंबूपाशी वहिनींनी दोघांची यथेच्छ उडवली. पंडित हसला, पण डोक्यातला गोंधळ जागच्या जागी होता. सकाळी त्याने लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला तिथे बरं वाटेल ना? मग जा की. रविवारी जेवायला मात्र यायचं." ती दुखावली की सुटली, हे त्याला आवाजावरून कळलं नाही. कदाचित दोन्ही.

डॉक्टरांकडून कागद, पाकीट आणि तिकीट मागून त्याने मांडीवरच लिहिलं : 'हो. येतो.' 'येतो' की 'येईन', यावर पेन अडलं. पण लाल शाई घरी राहिली होती.

पुलापलीकडच्या वस्तीत टपालपेटी होती. घड्याळजी होडी धरून उभा राहिला. ज्याच्या नावाचं पत्र तो वीस पावलांवर, हा काय खुळेपणा, असं पंडिताला वाटलं. पाकीट अर्धं आत गेलं आणि त्याला शंका आली, पत्त्यात घर नंबर बरोबर लिहिलाय ना?

त्याने बोटं सोडली.