खोडलेल्या ओळीखालची टिंबं

निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांना कंठ फुटतो आणि छापखान्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. अशाच एका छापखान्यात ताई गेली बावीस वर्षं प्रुफं तपासते. बुधवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ कडक इस्त्रीच्या शर्टात आत आला. तो एका पक्षाचा शहर चिटणीस, आणि पक्षाचा जाहीरनामा इथेच छापायला होता.

"ताई, एक ओळ काढायचीय. सतरावं कलम. बाकी सगळं तसंच ठेव."

ताईने चष्मा पुसून सतरावं कलम शोधलं. 'राष्ट्रीय मानवाधिकार कायदा आमचा पक्ष आहे तसा कायम ठेवील.'

"हे तर तुमच्या अधिवेशनात हात वर करून मंजूर झालं होतं ना?"

"झालं होतं. पण वरून फोन आलाय. लोकांना वाटतं, या कायद्यानं गुन्हेगारांचंच फावतं. मतं जातील. आणि आम्ही कायदा रद्द करू असं कुठे म्हणतोय? नुसतं गप्प बसायचं."

"मग अधिवेशनात पुन्हा विचारा."

"ताई, आज संध्याकाळी माझ्या उमेदवारीचं ठरतंय. आता फाटे फोडू नकोस."

वाचकहो, पुढाऱ्याने शब्द फिरवला याचं ताईला नवल नव्हतं. तिला किळस आली ती हा शब्द तिच्या सख्ख्या भावाने फिरवला याची.

तीन वर्षांपूर्वी ताईचं ऑपरेशन झालं, तेव्हा आईला काही महिने वृद्धाश्रमात ठेवावं लागलं होतं. तिथे माणसं कमी, म्हणून आईचे दोन्ही हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चादरीच्या पट्टीने खाटेला बांधून ठेवत. "पडू नयेत म्हणून, त्यांच्याच भल्यासाठी," असं व्यवस्थापक हसून सांगायचा. पोलिसांनीही हात झटकले. शेवटी याच कायद्याखाली तक्रार गेली, आठव्या दिवशी अधिकारी आले आणि गाठी सुटल्या. ती तक्रार याच भावाने लिहिली होती. पुढे अधिवेशनात त्याने आईची हकिगत डोळे पुसत सांगितली, टाळ्या घेतल्या आणि चिटणीसपदही घेतलं. गरज सरो, वैद्य मरो!

"तूच खोड ना," भाऊ म्हणाला.

"आमची रीत तुला ठाऊक आहे. शेवटच्या प्रुफातली ओळ गिऱ्हाइकाने मोठ्यांदा वाचायची, आपल्या हाताने खोडायची आणि शेजारी सही करायची. नंतर छापखान्यावर खापर नको."

भावाने पेन उचललं आणि न वाचताच ओळीवर रेघ ओढली. सही करणार तोच कागदांच्या गठ्ठ्यामागून आवाज आला, "वाचून दाखव ना रे. मला बारीक अक्षर दिसत नाही."

आई तिथेच बसली होती. घरी एकटी नको म्हणून ताई तिला दुपारी सोबत आणायची, आणि ती छापलेल्या पत्रकांच्या घड्या घालायची. भाऊ आला तेव्हा तिच्याकडे बघायला त्याला सवड झाली नव्हती.

"काही नाही गं आई, पक्षाचं काम आहे."

"माझी गोष्ट सांगितलीस तेव्हाही पक्षाचंच काम होतं. वाच."

त्याने प्रूफ उचललं. 'राष्ट्रीय मानवाधिकार कायदा' एवढं वाचलं आणि थांबला. घडी दाबताना आईची बाही वर सरकली होती. मनगटावरचा पट्टीचा काळसर व्रण अजून गेलेला नव्हता.

"गुन्हेगार त्याचा फायदा घेतात, आई," तो कसाबसा म्हणाला.

"घेत असतील. चोरही विहिरीचं पाणी पितो, म्हणून विहीर बुजवतोस का? माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिच्यासाठी तक्रार लिहायला कोणी नव्हतं. माझ्यासाठी अधिकारी आले, म्हणून तीही सुटली. उद्या अशा बाईनं काय करायचं, ते तुझ्या वरच्यांना विचार." ती पुन्हा घड्या घालू लागली. "मला त्या व्यवस्थापकाची चीड यायची. आज तुझी येतेय."

भावाने आपणच ओढलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मग विचारलं, "ताई, खोडलेलं परत ठेवायचं असेल तर?"

"खाली टिंबं द्यायची. टिंबं म्हणजे मजकूर कायम."

त्याने एकेका अक्षराखाली टिंब दिलं. ओळ अखेरपर्यंत मोठ्यांदा वाचली आणि सही केली.

प्रती वाटायला निघाल्यावर त्याने वर कळवलं, आणि संध्याकाळी उमेदवारी दुसऱ्याला मिळाली. जाहीरनामा मात्र सतराव्या कलमासह घरोघर गेला. वरचे खूप चरफडले, पण ओळ मागे घ्यायची तर का घेतो हे चारचौघांत सांगावं लागलं असतं, आणि तेवढं तोंड कोणाकडेच नव्हतं.

नागरिकहो, आपले हक्क काढून घेणारे दरवेळी दार फोडून येत नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि एक ओळ गाळतात. म्हणून जाहीरनामा हातात पडला की त्यात काय छापलंय ते वाचाच, पण मागच्या वेळचा शेजारी ठेवून काय गाळलंय तेही वाचा. आपण सुटलो म्हणजे झालं, असं समजू नका. शेजारच्या खाटेवर कोणीतरी अजून बांधलेलं असतं.