दगडातली नाणी

"हाणा, आजोबा, हाणा! फुटायला आलाय!"

मावशीने मोबाइल आजोबांच्या उजव्या हाताखाली सरकवला. पडद्यावर एक काळा दगड होता. बोट टेकवलं की हातोडा पडायचा आणि पुरेसे घाव बसले की दगड फुटून सोन्याची नाणी उधळायची. आजोबांचं बोट थरथरत उठलं आणि भलतीकडेच पडलं. पडद्यावर साबणाची जाहिरात सुरू झाली.

"घ्या! दगड राहिला बाजूला, आंघोळ करत बसलात!" मावशी म्हणाली. आजोबा तोंडाच्या एका बाजूने हसले. दुसरी बाजू अर्धांगाचा झटका आला तेव्हा गेली होती आणि वाचाही तिच्याबरोबरच गेली होती.

त्या घरात सगळे तिला मावशीच म्हणत, आजोबांची सूनसुद्धा, आणि सून तर तिच्याहून वयाने मोठी. आजोबांना पुसणं, कूस बदलणं, भरवणं हे मावशीचं दिवसभराचं काम. आजोबा तरुणपणी तारघरात होते. लोकांचे जन्ममृत्यू त्यांनी याच बोटाने कडकट्ट करत गावोगाव धाडले होते. आता ते बोट लोळागोळा होऊन पडलं होतं. व्यायाम घ्यायला येणारा डॉक्टर बजावून गेला होता, "कशानेही हलवा, पण हलवत ठेवा. वापर थांबला की हात गेला." मावशीने त्यात आपलाही स्वार्थ पाहिला. खोटं कशाला बोला?

तिची लेक भावाकडे होती. मावशी राहायची ती खोली चौघींची, आणि मूल आणायचं नाही ही मालकिणीची अट. वेगळी खोली घ्यायची तर आधी अनामत हवी, आणि पगार तर आला तसा जायचा. अशात खोलीतल्या एकीने हा खेळ दाखवला. खेळा आणि कमवा. एक लाख नाणी झाली की बक्षीस थेट बँकेत. ते बक्षीस अनामतीला पुरण्याएवढं होतं. बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि काडी सोन्याची दिसली तर तो ती कशाला सोडेल?

पहिल्या आठवड्यात नाणी अशी बरसली, की मावशीने मनातल्या मनात खोलीला पडदेसुद्धा लावले. मग खेळाने हात आखडला. पूर्वी एका दगडातून शंभर निघायची, आता कसंबसं एक, तेही जाहिरात शेवटपर्यंत पाहिली तर. भाजी चिरताना, बसच्या रांगेत, न्हाणीघरात मावशीचं बोट चालू. अंगठा सुजला. सोडून द्यावं असं रोज वाटायचं, पण एवढं खेळून आता सोडायचं कसं?

"आई, मामी म्हणते मी फार खाते," लेक फोनवर म्हणाली.

"अशी म्हणाली ती?"

"म्हणाली नाही. डबा वरच्या फळीवर ठेवते."

"थोडी कळ काढ गं सोन्या. दगड फुटत आलाय."

"कुठला दगड?"



इकडे आजोबांचं बोट मात्र सुधारत होतं. आधी नुसतं लटपटायचं, मग नेमकं पडू लागलं, आणि एके दुपारी त्याला जुनी लय सापडली. टक टक टक टक, एकाही घावात फरक नाही. मावशी पाय पसरून बसायची आणि आजोबा डोळे मिटून दगड फोडायचे, जणू तारघरातच बसलेत. बोटामागून मूठही वळू लागली. परवा तर त्यांनी चमचा उचलून मऊ भाताचा घास स्वतः तोंडात घातला. भरवून घेताना हा माणूस लाजेने डोळे मिटून घ्यायचा. त्या दिवशी ते उघडे होते आणि भरून आले होते. मावशीही हसता हसता रडली.

काल लाख नाणी पुरी झाली. मावशीने हात पदराला पुसले आणि बक्षिसाचं बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं उमटली: 'या खात्यावर माणूस नव्हे, यंत्र खेळत असल्याचं आढळलं आहे. घावांतलं अंतर अनैसर्गिकरीत्या सारखं आहे. सर्व नाणी रद्द.'

तिने तीनदा वाचलं. तक्रारीच्या खिडकीत तिने लिहिलं, 'यंत्र नाही हो, आमचे आजोबा आहेत.' उत्तर लगेच आलं. संयमाबद्दल आभार मानले होते. संयम! मावशीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आजोबांनी विचारल्यासारखं बोट उचललं. "काही नाही. फुटला एकदाचा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून चादर झटकू लागली. पण म्हातारा बहिरा नव्हता आणि आंधळाही नव्हता.

आज दुपारी सून लवकर घरी आली. आजोबांच्या खाटेपलीकडेच असलेल्या स्वयंपाकघरात तिने मावशीला बोलावलं.

"मावशी, डॉक्टर म्हणाले बाबांची मूठ वळते. जेवतात का हो ते हाताने? नाही म्हणजे, आपापले जेवत असतील तर दिवसभर कुणी नको. माझीही ओढाताण होते हो. भांडीवाली येता-जाता बघेल."

खेळ तर गेलाच होता, आता पोटावरही पाय. मग चौघींतली खाटही जाणार, आणि लेकीला काय सांगायचं?

"बघू तरी," म्हणत सुनेने भाताची वाटी नेऊन आजोबांपुढे ठेवली. "बाबा, घ्या बरं."

आजोबांनी चमचा हातात घेतला, मावशीकडे पाहिलं आणि बोटं सैल सोडली. भात छातीवर सांडला.

"अगंबाई," सून म्हणाली. "नाही जमत अजून. मावशी, राहा मग तुम्ही. भरवा त्यांना."

मावशीच्या जिवात जीव आला. आजोबांनी डोळे मिटून तोंड उघडलं होतं. ती भात पुसायला वाकली, तर चादरीखाली त्यांची उजवी मूठ घट्ट वळलेली. गप्प बसलं असतं तर काय बिघडलं असतं? कुणालाही कळलं नसतं. आणि मग रोज असाच सांडलेला भात, रोज हे मिटलेले डोळे, आणि एक दिवस ती मूठ खरोखरच वळली नसती. आणि हे सगळं तिच्यापायी.

"सोंग करतायत, वहिनी," ती म्हणाली. "परवापासून जेवतात हाताने."

तिने चमचा धुऊन आणला आणि त्यांच्या हातात दिला. आजोबांनी मान हलवली. नाही, नाही.

"खा हो आजोबा. माझी शपथ आहे."

मग चमचा उठला. सवयीने मावशीचा हात आधाराला पुढे जात होता, तो तिने मागे घेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला. पहिला घास तोंडात गेला, मग दुसरा.

"थांबा थांबा, यांना दाखवते!" सुनेने हरखून मोबाइल उचलला आणि चित्रण सुरू केलं. "मावशी, जरा बाजूला होता का?"

मावशी भिंतीला टेकून उभी राहिली.