इंजिनाच्या पुढ्यातली माझी जागा

जुनी आहे मी, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. जाड कापडाची, नऊ कप्प्यांची, गुंडाळून पट्ट्याने आवळायची अशी मी पान्यांची गुंडाळी. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर धावणाऱ्या एका मोटारसायकलीच्या इंजिनाच्या पुढ्यात, अगदी खाली, माझी जागा. आता तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. एरवी ज्यांना सायकलची उतरलेली चेन चढवता येत नाही, त्यांच्याशी माझी कसली आलीय मैत्री! पण ऐका. ऐकून तुमचं काही बिघडणार नाही.

मला शिवलं माझ्या धन्याच्या, म्हणजे गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या बायकोने. कापड एका ट्रकच्या टाकून दिलेल्या ताडपत्रीचं. शिवताना मशीनच्या तीन सुया मोडल्या आणि प्रत्येक सुईमागे मिस्त्रींनी बोलणी खाल्ली. "तुमच्या पान्यांना गादी, आणि माझ्या उशीला अभ्रा नाही!" असं म्हणत म्हणत तिने जी शिवण घातली, तिचा एक टाका पंचवीस वर्षांत हललेला नाही. प्रत्येक कप्पा त्या त्या हत्याराच्या मापाचा. दहाचा पाना बाराच्या कप्प्यात घातला की तो आत डुगडुगतो, आणि मला ते मुळीच खपत नाही.

मिस्त्रींचं गॅरेज डोंगराच्या पायथ्याशी होतं. विजेच्या तारा तपासणारे, टपाल पोचवणारे, खाणीवरचे मुकादम, कुणाचीही गाडी वर अडली की मिस्त्री मला बांधून निघायचे. त्यांचा एक नियम होता. नव्या बनावटीची गाडी आली की ती अंगणात उभी करायची, मुद्दाम मागच्या चाकातली हवा सोडायची, आणि फक्त माझ्यातल्या हत्यारांनी चाक काढून परत बसवायचं. जे हत्यार कमी पडलं ते माझ्यात यायचं. जे लागलं नाही ते घरी राहायचं, मग ते कितीही चकचकीत असो. जड सामान खाली आणि मधोमध, गाडीच्या शेपटीला काही टांगायचं नाही. आणि मला बांधताना पट्टा दोनदा ओढायचा, वर एक बुक्की हाणायची. ती बुक्की बसली की मी निश्चिंत.

मिस्त्रींची मुलगी जनावरांची डॉक्टर झाली. वरच्या वस्त्यांवर जायला तिने डोंगरी मोटारसायकल घेतली, तेव्हा मिस्त्रींनी त्या गाडीच्या नटांप्रमाणे माझे निम्मे पाने बदलले आणि तिला अंगणात सहा वेळा चाक काढायला लावलं. सहाव्यांदा ती रडकुंडीला आली होती. "बाबा, पुरे ना आता!" "मला नको सांगू, चाकाला सांग," मिस्त्री म्हणाले. पुढे मिस्त्रींचे हात थरथरू लागले. चहाचा कप धरवेना, तिथे पाना कुठला धरणार? गॅरेज बंद झालं. मी मात्र डॉक्टरीणबाईंबरोबर वर जातच होते.

आणि मग घरात जावईबापू आले.

माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. दिवसभर कचेरीत खुर्ची उबवायची आणि संध्याकाळी फोनवर कुणी वाळवंट ओलांडलं, कुणी नदी ओलांडली, ते बघत बसायचं. स्वतः उंबरठा ओलांडताना ठेचकाळणारा माणूस! लग्नाच्या वाढदिवसाला त्याने बायकोच्या गाडीला ॲल्युमिनियमचे दोन डबे आणले. डबे कसले, कपाटंच ती. गाडीच्या दोन्ही कुशींना लटकवली आणि भरली. काय भरलं म्हणून विचारता? घडीची खुर्ची. झाडाला बांधायची झोळी. कुऱ्हाड! ज्याने आयुष्यात टोकदार वस्तू म्हणून फक्त पेन्सिल हाताळली, त्याला कुऱ्हाड. शिवाय विजेवर चालणारा हवेचा पंप आणि चौऱ्याऐंशी नगांचा हत्यारांचा संच. माझ्या जागेवर त्याने दोन दिवे बसवले.

मिस्त्री सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "जावईबापू, एकदा या हत्यारांनी अंगणात चाक काढून बघा."

"बाबा, हा संच सगळ्या गाड्यांना चालतो. खोक्यावर लिहिलंय तसं."

खोक्यावर लिहिलंय! मिस्त्री उठून घरात गेले. डॉक्टरीणबाईंनी डब्यांची झाकणं लावून टाकली. एवढ्या हौसेने आणलंय, त्याचं मन कसं मोडायचं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला याचाच राग येतो. हत्यारांच्या बाबतीत भिडस्तपणा काय कामाचा?

आणि माझं काय झालं? तो संच डब्यात खडखड वाजायचा. तेव्हा आवाज येऊ नये म्हणून जावईबापूंनी मला त्याच्याखाली कोंबलं. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या मला, बोळा म्हणून!

एका रविवारी दोघं फिरायला निघणार, तोच फोन आला. वरच्या वस्तीवरची एकटी राहणारी मावशी. तिची एकच गाय, तिच्याच दुधावर तिचं घर चालतं. "बाई, दोन तास झाले. वासराचा एकच पाय बाहेर आलाय. गाय आता उठतही नाही. लवकर या हो." डॉक्टरीणबाईंनी औषधांची पिशवी पाठीला लावली. "मीही येतो," म्हणत जावईबापू मागे बसले. डबे उतरवायला वेळ कुणाला होता?

अर्ध्या चढावर मागचं चाक एका धारदार दगडावर आपटलं. दोन माणसं, दोन कपाटं, त्यात कुऱ्हाड. ट्यूब बिचारी काय करणार? फस्स करून बसली. फोनला रेंज नाही, वाटेवर माणूस नाही.

"काळजी करू नकोस, आपल्याकडे सगळं आहे," असं म्हणून जावईबापूंनी ऐटीत संच उघडला. चौऱ्याऐंशी नग उन्हात लखलखले. चाकाचा मोठा नट सत्तावीसचा, आणि संचातला सगळ्यात मोठा नग चोवीसचा! त्यांनी तो लावून बघितला. उलटा लावून बघितला. मग पकडीने नट आवळून पिळायला लागले.

"थांब! नटाची वाट लावशील," डॉक्टरीणबाई ओरडल्या. "अरे, बाबांची गुंडाळी कुठेय? घरी राहिली?"

जावईबापूंचे कान लाल झाले. "डब्यात आहे. म्हणजे... खडखडू नये म्हणून मी ती खाली..."

डॉक्टरीणबाईंनी डबा उपसला. मला ओढून काढलं आणि दगडावर पसरलं. सत्तावीसचा पाना जागेवर होता. टायर उचकटायच्या दोन पट्ट्यांपैकी एक गायब होती. जावईबापूंनी रंगाचा डबा उघडायला नेली होती आणि परत ठेवली नव्हती. पण मिस्त्रींनी सत्तावीसच्या पान्याची शेपटी घासून पट्टीसारखी चपटी करून ठेवली होती, अशाच दिवसासाठी. एक ॲल्युमिनियमचा डबा उतरवून इंजिनाखाली टेकू दिला. त्या डब्याने केलेलं एवढंच काम मला माहीत आहे. नट सुटला, चाक निघालं, माझ्या पोटातली सुटी ट्यूब आत गेली. अंगणात सहा वेळा केलेलं काम हात विसरत नाहीत.

आता एक गोष्ट सांगायला जिवावर येतं, पण खोटं मला जमत नाही. माझ्यातल्या हातपंपाचं चामडं वाळून गेलं होतं. तोंडावर पडले मी. हवा भरली ती जावईबापूंच्या त्या विजेच्या पंपाने, तीन मिनिटांत. जळफळाट झाला माझा.

चाक बसलं. डॉक्टरीणबाईंनी किक मारली, तशी जावईबापूंनी दुसराही डबा उतरवला आणि स्वतःही मागे सरले. "तू जा. सगळ्यात जड तर मीच आहे. मी येतो चालत." मग खाली बसून त्यांनी ते दोन दिवे काढले आणि मला माझ्या जागेवर बांधलं. पट्टा एकदाच ओढला, आणि तोही ढिला. पण बांधलं.

गोठ्याबाहेर मी गाडीला लटकून ऐकत होते. वासराचा दुसरा पाय आत दुमडला होता. "मावशी, डोकं धरा तिचं. सोडू नका." मग नुसता गायीच्या धापांचा आवाज. मग तोही थांबला. माझे सगळे पाने गार पडले. आणि मग एक शिंक आली, बारीकशी. मावशी रडायलाच लागली. "उशीर झाला असता तर दोघंही गेली असती गं माझी."

दीड तासाने जावईबापू घामाने निथळत पोचले, दोन हातांत दोन डबे. मावशीने पाणी दिलं आणि विचारलं, "एवढं काय आणलंत?"

"खुर्ची," जावईबापू खाली मान घालून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्ची अंगणात उघडली. तिच्यात मिस्त्री बसले. समोर गाडी, मागच्या चाकात हवा नाही, आणि जमिनीवर मी पसरलेली. पंपाला नवं चामडं आलं होतं. रंगाच्या डब्याजवळची पट्टी घासूनपुसून परत आली होती. जावईबापूंनी दोन तास घालवले, तीन बोटं सोलवटली, एकदा चाकाचा आस उलटा घातला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "चाकाला सांगा, मला नको." डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून हसत होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी गुंडाळी, एखादी पेटी असेल. आणि तिच्या शेजारी हात थरथरणारं एखादं माणूसही असेल. बोळा म्हणून कोंबण्याआधी दोघांनाही एकदा उघडून बघा. एवढं तरी जमेल ना तुम्हाला?

काम संपल्यावर जावईबापूंनी मला गुंडाळलं. दहाचा पाना दहाच्या कप्प्यात. इंजिनाच्या पुढ्यात ठेवून पट्टा एकदा ओढला, मग दुसऱ्यांदा ओढला. बुक्कीसाठी मूठ उचलली आणि ते थांबले. उठून त्यांनी मिस्त्रींना हात दिला, हळूच गाडीपाशी आणून बसवलं. मिस्त्रींची मूठ थरथरत पुढे आली. बुक्की हलकी होती, जरा बाजूलाच लागली. पण बसली.