मायची पहिली घागर

शहात्तर सालची ही गोष्ट. त्या वर्षी पौषात माय गेली आणि पाठोपाठ बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात मात्र लुळाच राहिला. अक्षय तीज जवळ आली तशी मी सानगडीहून, सासरहून, पवनीला माहेरी आले. गेलेल्या माणसाची पहिली घागर तिजेला भरतात. तोवर त्याची तहान भागत नाही, असं आमच्याकडे मानतात.

घर कुंभाराचं, पण माय गेल्यापासून बाबांच्या चाकावरून साधी पणतीही उतरली नव्हती. बाजूलाच त्यांचे थोरले भाऊ परसराम राहत. मी त्यांना मोठे बाबा म्हणे. ते येऊन म्हणाले, "सुखराम, मी देतो ना एक घागर. कायले जीव काढून राहिला?"

"तिनं जन्मभर माझी मडकी थापली," बाबा म्हणाले. "आता तिच्या पाण्याले तुझ्या चाकावरची ठेवू?"

"माझ्या चाकाले का खरूज झाली?" असं म्हणून मोठे बाबा निघून गेले.

मडकी भाजायचा आवा दोन्ही घरांचा एकच, तो सोमवारी पेटणार होता. त्याआधी घागर सुकायला हवी, म्हणजे आजच चाकावरून उतरायला हवी होती. बाबांनी उजव्या हातानं काठी लावून चाक फिरवलं. माती वर आली, पण आतून आधार देणारा डावा हात थरथरला आणि गळा दुमडला. पुन्हा गोळा ठेवला. पुन्हा तसंच. बाबा मातीकडे बघत बसले.

"बाबा, आतून मी हात धरू का?"

रीत तशी नव्हती. बाईमाणसानं माती तुडवावी, मडकं थापावं, रंगवावं. चाकाला शिवू नये. चाक महादेवाचं. माय चाकाची सावलीसुद्धा चुकवून जायची.

बाबांनी नवा गोळा चाकावर ठेवला आणि म्हणाले, "ताटी लोट."

मी दाराची बांबूची ताटी लोटली. बांगड्या कोपराकडे सारून वर चिंधी बांधली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसले. चाक फिरलं. आत माझी बोटं, बाहेर त्यांची, मध्ये थंड, ओली माती. मी बोटं घट्ट दाबली.

"दाबू नको. नुसती राहा," बाबा म्हणाले.

गळा उभा राहत होता, तेवढ्यात चिंधीतून एक बांगडी निसटली आणि आतल्या बाजूला रेघ ओढली गेली. त्याच वेळी ताटी सरकली. दारात मोठे बाबा. त्यांनी माझा हात पाहिला. मागून त्यांची बायको, माझी मोठी माय कौशल्याबाई, विचारत होती, "झाली का जी घागर?"

"तिकडे नको येऊ. विंचू निघाला," मोठे बाबा म्हणाले आणि बाहेरून ताटी ओढून घेतली.

दुसऱ्या सकाळी त्यांनी आमच्या चाकापुढे नारळ फोडला. कशासाठी, ते सांगितलं नाही. मी घागर थापून गोल केली, सावलीत सुकवली. आवा पेटला तेव्हा मी तिथून हलले नाही. घागर फुटली तर चाकाला शिवल्याचं पाप बाबा माझ्यावर न टाकता स्वतःवर घेतील, हे मला ठाऊक होतं.

राख निवल्यावर मोठ्या बाबांनीच घागर काढली. बोटानं वाजवली. गळ्यात बोट फिरवलं, रेघेपाशी थांबले.

"वाजते चांगली," म्हणाले. "आतून जरा खरबरीत आहे. पाण्याले का समजते?"

तिजेला ती भरली. रात्रीतून गळली नाही.

बाबा ऐंशी साली गेले. पुन्हा चाकावर बसले नाहीत. मोठी माय चौऱ्याऐंशी साली गेली, विंचवाची गोष्ट खरी मानूनच. तोवर मोठ्या बाबांच्या हातालाही कंप सुटला होता. त्यांनी मला सानगडीला निरोप धाडला, "धुरपताले म्हणा, तिजेच्या आधी ये. ताटी लोटून घेऊ." मी गेले. मोठे बाबा वारल्यावर त्यांचा मुलगा टेकचंद नागपुरात कामाला लागला, चाक परसात पडून राहिलं.

आता आमच्याकडे तिजेची घागर बाजारातून येते. भरण्याआधी मी तिच्या गळ्यात बोट फिरवून बघते. गुळगुळीत असते.