नवसीच्या बियांचा खोका

मी एक पुठ्ठ्याचा खोका. खोक्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या पाच-सहा महिन्यांत मला असे काही धक्के बसले आहेत, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी मूळचा मुंबईतल्या बुटांच्या दुकानातला. अंगावर गुळगुळीत पांढरा कागद, पोटात काळे चकचकीत बूट. कृष्णकांतरावांनी ते लग्नासाठी घेतले. पुढे तारापूरला मोठं बांधकाम निघालं, तिथल्या एका ठेकेदाराकडे त्यांना कारकुनाची नोकरी लागली आणि बोईसरला कौलारू बिऱ्हाड मिळालं. माझ्या पोटात आता त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या, रिबिनी आणि माहेरची पत्रं आली. चांगले दिवस होते ते.

मग इथल्या दमट हवेनं माझी एक बाजू उसवली. मे महिन्यात एका सकाळी शालूबाईंनी मला रिकामं केलं आणि सरळ चुलीपाशी नेलं. मला जाळायला! मी हबकलोच.

"नको जाळू गं बाय!" दारातून आवाज आला. बेटेगावची नवसी होती ती. दर आठवड्याला लाकडाची मोळी घेऊन यायची. "त्यात बी लावू. भोपळ्याचं. माज्या घरी कोंबड्या रोप ठेवत नाय, कोंब आला का टोचून खातात. आता तीनच बिया रायल्या. तुज्याकडं कोंबड्या नाय. तू लाव."

शालूबाई खूश झाल्या. घरचा ताजा दुधी कुणाला नको असतो?

पुढचं सांगताना अजून अंगावर काटा येतो. नवसीनं खिळ्यानं माझ्या तळाला भोकं पाडली. भोकं! मग माती भरली आणि मातीत चक्क शेणखत मिसळलं. मुंबईच्या दुकानातला मी, आणि पोटात शेण! शालूबाई मला खिडकीत ठेवून रोज पाणी घालायच्या. मी फुगलो, मऊ पडलो, लाजेनं अर्धमेला झालो. दोन बिया कुजल्या. आठव्या दिवशी तिसरीनं माती उचलली आणि दोन जाड हिरवी पानं उघडली. खरं सांगतो, तेव्हा मला फार आनंद झाला. शेणाचं काहीच वाटेनासं झालं.

पण हा आनंद पंधरा दिवसच टिकला. नवसीनं स्वयंपाकघरामागे खड्डा खणला आणि मला सगळंच्या सगळं त्यात ठेवलं. "भोपळ्याची मुळी हलवायची नाय. खोका मातीत जिरून जातो," ती म्हणाली. जिवंतपणी पुरलं मला! एक कोपरा तेवढा वर राहिला. पण माझ्या अंगातून मुळं आरपार गेली, वेल भिंतीवरून कौलांवर चढला, आणि मी तक्रार करायचं सोडून दिलं.

भातकापणी सुरू झाली तशी नवसी येईनाशी झाली. एका रविवारी शालूबाईंनी खालचा कोवळा भोपळा तोडला आणि भाजी केली. पहिलंच फळ म्हणून आधी नवऱ्याला वाढली. कडूजहर! तरी बायकोचं मन राखायला ते दोन-तीन घास गिळून बसले. थोड्या वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस पार पिळवटून निघाला.

उठून बसता येताच त्यांनी कोयता घेतला. "विष लावून गेली ती बाई आपल्या दारात!" शालूबाई वाटेतून बाजूला झाल्या. माझ्या कोपऱ्यापासून चार बोटांवर घाव बसला. त्या घावानं मी मुळासकट हादरलो.

आठवड्यानं नवसी आली. सुकलेला वेल बघून जागीच थांबली.

"कडू निघाला तुझा भोपळा," शालूबाई कशाबशा म्हणाल्या. "ह्यांना किती त्रास झाला!"

"खाल्ला?" नवसीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाय, त्यानं माणूस मरतो! दादा बरा हाय ना आता?"

वेलाबद्दल एक अक्षर नाही! शालूबाईंचा चेहरा उतरला. "बरे आहेत. पण तू सांगितलं का नाहीस गं?"

"मला वाटलं, तुला ठावं हाय. तो तारप्याचा भोपळा. फुंकून वाजवतात ना, तो तारपा. कडूच पायजे, त्याला कीड नाय लागत. माजा सासरा गोमा बनवतो. त्याचा तारपा फुटला, वरीसभर पाड्यावर नाच नाय."

कौलांवर एक लांब मानेचा भोपळा राहिला होता. शालूबाईंनी स्टुलावर चढून तो काढून दिला. नवसीनं त्यावर अंगठ्याचं नख दाबलं. पिकला असता तर नख शिरलं नसतं.

शिरलं.

"बी पण नाय भरलं ह्यात," ती म्हणाली. मग भोपळा पदरात गुंडाळला.

"आता कशाला नेतेस?"

"म्हातारा रोज इचारतो. त्याला दाखवायला लागंल."

ती गेली. शालूबाई पायरीवर बसून रडल्या. तेव्हापासून त्या रोज तोडलेल्या बुंध्याला पाणी घालतात. तो फुटायचा नाही, हे मलासुद्धा कळतं, पण त्यांना कोण सांगणार?

माझा वर राहिलेला कोपराही आता विरघळत आलाय, म्हणून घाईनं एक मागणं मागतो. तुमच्या घरी, शेजारी, कुणाच्या आढ्याला लांब मानेचा कडू भोपळा वाळत असेल, तर त्याचं बी बेटेगावला गोमाकडे पोचवा. एक असलं तरी चालेल.