एका बटणाचा हातोडा

मी डावरी बोलतेय. नाव ऐकून माझे हात शोधू नका, मला हात नाहीत. मी मांडीवर मावेल एवढी लाकडाची पेटी आहे. अंगावर एक दांडा आणि सहा बटणं. टीव्हीच्या पडद्यावर दोन योद्धे एकमेकांना बदडत असतात ना, ते माझ्या तालावर हलतात. निदान माझं तरी तसं म्हणणं आहे.

जन्माने मी कपाटाचं दार. बिजागरीची खूण अजून माझ्या कडेला आहे. आमच्या घरचे बाबा सुतार. लेक बारा वर्षांची असताना तिला 'शेवटची फेरी' नावाच्या मारामारीच्या खेळाने झपाटलं आणि तिने अशा पेटीचा हट्ट धरला. बाबा म्हणाले, "लाकडाची वस्तू, आणि सुताराच्या घरात ती दुकानातून आणायची? लोक हसतील!"

त्यांनी मोडलेल्या कपाटाचं दार कापलं. चांगल्या बाजूवर पेन्सिलचा डाग नको म्हणून सगळ्या खुणा मागच्या बाजूला केल्या, भोकंही मागूनच पाडली. मग मला सुलटं केलं, तर काय! जगभर अशा पेट्यांचा दांडा डावीकडे असतो, तो माझ्या उजवीकडे आला आणि बटणं डावीकडे गेली. आयुष्यभर दोनदा मोजून एकदा कापणारा माणूस असा तोंडावर पडला.

"दे इकडे. दुसरी करतो," बाबा म्हणाले.

"नको. हीच," म्हणत लेकीने मला पोटाशी धरलं. त्या क्षणापासून मी तिची झाले. आणि डावरी हे नाव मला चिकटलं ते कायमचं.

नियम एकच होता. हरलं की मला दुसऱ्याच्या मांडीवर द्यायचं. बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, की "एक डाव" म्हणत बसायचे. दोघांची आवडती लढवय्यी एकच, लोहारीण. चालायला मंद, पण तिचा हातोडा बसला की समोरचा आडवा. तो हातोडा काढणं मात्र नाकी नऊ आणायचं. दांडा अर्धा गोल फिरवायचा आणि त्याच क्षणी तीन बटणं एकदम दाबायची. बाबांना ते लेकीआधी जमलं. "रंधा मारणारा हात आहे," असं ते मिशीत हसत सांगायचे.

मग खेळाचा दुसरा भाग आला आणि त्याने माती खाल्ली. लोहारीण गायब, योद्धे नुसते चकचकीत. लेकीने दोन दिवस खेळून मला फळीवर ठेवलं. पुढे ती लिफ्ट दुरुस्त करायला लागली आणि मी फळीवरच राहिले. माझ्या डोक्यावर औषधांचा डबा आला. दहा वर्षं मी तो डबा वाहिला. तक्रार नाही, पण दांड्यावर डबा तिरका बसतो, एवढंही कुणाच्या लक्षात येऊ नये?

गेल्या वर्षी त्या डब्याचं वजन वाढलं. बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, पाय निम्मे परतले, डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. "मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे, चेंडूने खेळायला?" म्हणून बाबांनी तो खुर्चीखाली ढकलला. बाई म्हणाल्या, "त्यांनी मनावर घेतलं तर हात चालेल. नाही घेतलं तर मी तरी काय करणार?" लेक आर्जवं करून दमली.

अशात बातमी आली की 'शेवटची फेरी'चा तिसरा भाग येतोय. नाव शेवटची फेरी आणि भाग तिसरा! माणसांना 'शेवटचं' म्हणायची फार घाई असते.

चाहत्यांच्या गटात नुसती झुंबड उडाली. दुधाने तोंड भाजलेली मंडळी ती, ताकही फुंकून पिणार. लोहारीण असेल का? जुन्या पेट्या चालतील का? त्यात कळलं की या भागात 'सोपी पद्धत' आहे, एक बटण दाबलं की अवघड डावही आपोआप निघतो. झालं, आगीत तेल! लेकीने खेळ बनवणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहिलं: सोपी पद्धत काढून टाका, कष्टाने कमावलेल्या हाताचा हा अपमान आहे. तिच्या मित्राने, ज्याला सगळे खडूस म्हणतात आणि जो दिवसभर बेकरीत पाव भाजतो, चार हजार सह्या गोळा केल्या. चाचणीचा नमुना खेळून झाला की पत्र पाठवायचं ठरलं.

रविवारी सकाळी नमुना आला. लेकीने डबा उचलला, मला पुसलं, नवी वायर जोडली. नव्या खेळाने ओळखच दिली नाही तर? मग पडद्यावर अक्षरं आली, 'पेटी जोडली गेली', आणि माझा जीव भांड्यात पडला.

लोहारीण परत आली होती! केस पिकलेले, खांद्यावर तोच हातोडा. लेक आनंदाने ओरडली. मग दोष काढायला म्हणून तिने सोपी पद्धत लावली, एक बटण दाबलं, आणि हातोडा धाडकन बसला.

"खडूस, ऐकतोस ना?" ती फोनवर तणतणली. "हातोडा एका बटणात! शेंबडं पोरही काढेल!"

मागून, खुर्चीतून आवाज आला. "एका बटणात?"

"हो ना बाबा, बघा की."

"एकाच?"

"एकाच."

"मग आण की ती इकडे."

लेकीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. फोन तसाच चालू ठेवून तिने मला बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उजव्या हाताने माझा दांडा पकडला, अगदी ओळखीची पकड. दांडा डावीकडे असता तर बाबांना त्याचा काही उपयोग झाला नसता. लेक त्यांचा डावा हात उचलायला वाकली.

"थांब. मी करतो."

किती वेळ लागला, मी मोजला नाही. हात माझ्या कडेवर आला, घसरला, पुन्हा आला. शेवटी एक बोट बटणावर टेकलं. पहिले तीन डाव बाबा हरले. नियमाप्रमाणे मला लेकीकडे जायला हवं होतं, पण तिने हात पुढे केलाच नाही. चौथ्या डावात ते बोट खाली गेलं आणि हातोडा बसला. समोरचा आडवा.

"आणखी एक," बाबा म्हणाले. लेक रडत होती आणि हसतही होती.

फोनमधून खडूस ओरडत होता, "हॅलो? ताई? पत्र पाठवू ना?"

"नाही. पत्र मागे घ्यायचंय."

"अगं, चार हजार लोकांना काय तोंड दाखवू?"

"तू नको दाखवूस. मी सांगते."

तिने त्याच दुपारी लिहिलं: सोपी पद्धत ठेवा, ज्याला नको त्याने लावू नये, माझे बाबा आज खेळले. शिव्याही पोटभर खाल्ल्या. पण काही जणांनी आपापल्या घरातल्या हातांविषयी लिहिलं, आणि नव्या पत्रावर पहिली सही खडूसने केली.

खेळ बनवणाऱ्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. जुनं पत्र गेलं नाही, तरी ओरड त्यांच्या कानावर गेलीच असणार. म्हणून त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: बाबांनो, ते एक बटण राहू द्या. पट्टीचे खेळणारे त्याने बुडणार नाहीत. मला आशा आहे. औषधांचा डबा आता खिडकीत आहे आणि माझी जागा खुर्चीशेजारी.

काल बाबा म्हणाले, "हे बटण बारीक आहे. बोट घसरतं. मोठं बसवू." कानावरची पेन्सिल त्यांनी कित्येक महिन्यांनी काढली आणि माझ्या वरच्या अंगावर टेकवली.

"बाबा, चांगल्या बाजूवर? डाग पडेल!"

"पडू दे."

गोल थोडा वाकडा आलाय. कारण तो काढताना मी हलू नये म्हणून त्यांनी मला दुसऱ्या हाताने धरलं होतं. डाव्या.