कंपनी बंद, आपण चालू

“बाबा, तुम्ही पूर्वी हॅकर होतात का हो?”

रविराजला चहाचा ठसकाच लागला. सोफ्यावर स्वरूपाच्या मैत्रिणी, रुपाली आणि इंद्रायणी, एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. विचारून दाखव, असं त्यांनीच स्वरूपाला चढवलं होतं, आणि दहावीला नव्वद टक्के पडल्यापासून स्वरूपा कशातच माघार घेत नव्हती.

“कोण म्हणलं गं तसं?”

“आई. कपाटावरच्या गेमच्या डब्याचं कुलूप तुम्ही तोडलंय म्हणे!”

“मी कुठं असं म्हटलं?” आतून दिपाली ओरडली.

“तोडलं न्हाई बाई. बनवणाऱ्या कंपनीनंच मागचं एक दार ठिवलं होतं. पुढं त्येंनीच बंद केलं. माझं हाय अजून उघडं.”

एवढं बोलून रविराजने स्टूल घेतलं आणि डबा खाली उतरवला. त्याला दिपालीने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. पोरी पुन्हा फिसकन हसल्या.

लातूरहून भोसरीत आला तेव्हा रविराज वर्कशॉपमध्ये हेल्पर होता. एका खोलीत चौघं राहायचे. कॉम्प्युटर परवडणं शक्य नव्हतं, म्हणून चौघांनी वर्गणी काढून हा जुना डबा घेतला, गेम खेळायला. पण त्यातल्या बुद्धरत्नने कुठूनशी सीडी आणली, डब्यात लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली प्रणाली घातली, आणि खेळण्याचा चक्क कॉम्प्युटर झाला! एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. दर गुरुवारी आमटी स्टोव्हवर ठेवून दोघं त्यावर मशिनचे प्रोग्राम लिहायला शिकायचे. त्या गुरुवारांनीच हेल्परचा ऑपरेटर केला.

डबा जोडताच टीव्हीवर काळा पडदा आला आणि पांढरी अक्षरं उमटली :

रविभाऊ, आज कंपनी बंद, आपण चालू.

“बुद्धरत्ननं टाकलेलं. सुरू केलं की आधी हेच येतं,” रविराज म्हणाला.

“कसले भारी आहेत! कुठे असतात आता?” इंद्रायणीने विचारलं.

“कोरोनात गेला.”

रविराज उठला. “पोरींनो, वडापाव आणतो. गाडीवाला गरम काढायला लागला असंल.”

तो गेला तशी इंद्रायणी खालच्या मजल्यावरून भावाची गेमची सीडी घेऊन आली. स्वरूपाने लिनक्स बंद करून डबा गेमसाठी सुरू केला. पडद्यावर आलं, आधी अपडेट करा.

“करू?” रुपालीने विचारलं.

“त्यात काय! मोबाइलला रोज करतो,” म्हणत स्वरूपाने झोकात बटण दाबलं.

रविराज पिशवी घेऊन परतला तेव्हा गाड्या धावत होत्या आणि पोरी किंचाळत होत्या. तो दारातच थांबला.

“अपडेट घेतलंत का?”

स्वरूपाने मान डोलावली. त्याने डबा बंद करून पुन्हा सुरू केला, सगळीकडे शोधलं. गेम होते, घड्याळ होतं. लिनक्सकडे जायची वाटच नव्हती.

“बाबा, काय झालं?”

“त्या अपडेटनंच दार बंद होतंय. इतकी वर्षं घेतलं न्हाई ते त्याच्यासाठीच. तुमाला सांगायचंच ऱ्हाऊन गेलं.” त्याने वडापाव ताटलीत काढले, प्रत्येकीपुढे मिरची ठेवली. “खावा आधी, गार व्हायलेत.”

डबा अजून गरम होता, तरी त्याने कव्हर घातलं. कोपरे नीट ओढून घेतले.

मैत्रिणी चिडीचूप घरी गेल्या. जेवताना दिपालीनेच विषय बदलला. “रविवारी चिंचवडला जाऊ गं. नव्वद टक्क्यांबद्दल तुला कबूल केलेला नवा डबा आणू.”

स्वरूपाने घास खाली ठेवला.

“आई, बाबा, ऐका. मला नवा नकोय. मी हाच उघडणार. लोक उघडतात, मी शोधून काढीन. जुनं परत नाही यायचं, माहितीये मला. पण उघडला ना, की पहिली ओळ बुद्धरत्नकाकांचीच टाकणार. आणि बाबा, येत्या गुरुवारपासून तुम्ही माझ्या शेजारी बसायचं.”